जन्मसालाची गिटार आणि मास्तरांनी लावलेली तारीख

राजेहो, सध्या गिटारवाल्या मंडळीत जन्मसालाची गिटार घ्यायचं फॅड जोरात आहे. म्हणजे तुम्ही ७५ सालचे असाल तर गिटारही ७५ चीच पाहिजे, ७४ ची कोणी अर्ध्या किमतीत दिली तरी नाक मुरडायचं. पन्नाशी दिसायला लागली की माणसाला हे सुचते, आणि खिशात पैसेही नेमके त्याच वयात येतात, त्यामुळे विकणाऱ्यांची चांदी. मी स्वतः या फॅडात आहे, घरी एक गिटार टांगलेली आहे, तेव्हा मी कोणाला हसून राहिलो असं समजू नका. पण यात लोक नेमके कशाचे पैसे मोजतात ते बघून डोकं फिरते, म्हणून हे लांबलचक लिहून राहिलो. वेळ असेल तर वाचा, नाहीतर लाइक मारा आणि पुढे जा.

आधी हे साल काढतात कसं ते सांगतो. गिब्सन, फेंडर, मार्टिन ह्या अमेरिकेतल्या गिटार कंपन्या. गिब्सनचं १९७७ पासून पुढे बरीच वर्षं सोपं आहे, आठ आकडी नंबर, पहिला आणि पाचवा आकडा मिळून साल, आणि मधले तीन म्हणजे वर्षातला कितवा दिवस. नुसतं साल नाही, चक्क तारीख निघते. त्याच्या आधीचे, ७० ते ७५ चे नंबर म्हणजे निव्वळ गोंधळ, साठच्या दशकातलेच नंबर परत फिरवलेले. फेंडरचा नंबर ७६ च्या शेवटी हेडस्टॉकवर, म्हणजे गिटारीच्या डोक्यावर, आला, एस७ म्हणजे ७७, ऐंशीच्या दशकात एसच्या जागी ई. मार्टिनवाले सगळ्यात शहाणे, १८९८ पासून एकच सलग नंबर चालू आहे, यादी बघा आणि मोकळे व्हा. तरी शंका असेल तर लोक गिटार उघडून आतल्या पॉटवरचा, म्हणजे आवाज कमीजास्त करायच्या बटणाखालच्या भागावरचा, कोड वाचतात. १३७ नं सुरू झाला तर पॉट सीटीएस कंपनीचा, पुढचे दोन आकडे साल आणि शेवटचे दोन आठवडा, म्हणजे १३७७६३३ असेल तर ७६ सालचा तेहतिसावा आठवडा. आता कंपन्या पॉट घ्यायच्या एकगठ्ठा, ते पडून राहायचे, त्यामुळे पॉट ७६ चा असला तरी गिटार ७७ ची किंवा ७८ चीही असू शकते, त्याच्या आधीची नाही एवढंच कळते. आणि मधे कोणी पॉट बदलला असेल तर तेही कळत नाही.

बरं, साल सगळ्यांचं सारखं थोडीच असते. १९५९ ला जन्मलेल्या माणसानं जन्मसालाची लेस पॉल, म्हणजे गिब्सनची नावाजलेली गिटार, घ्यायची म्हटलं तर घर विकूनही भागायचं नाही, ५८ ते ६० च्या त्या सनबर्स्ट गिटारी लाखो डॉलरला जातात. आणि आमच्यासारखे सत्तरच्या दशकात जन्मलेले? फेंडर कंपनी १९६५ ला सीबीएस या अमेरिकन टीव्ही कंपनीनं घेतली, ७१ च्या शेवटी तिच्या स्ट्रॅट गिटारीची नेक, म्हणजे दांडा, चारऐवजी तीन बोल्टवर आली, दशकाच्या शेवटी शेवटी तर काही बॉड्या इतक्या जड की दोन तास उभं राहून वाजवलं की खांदा बोलतो. जुन्या लोकांत हा काळ बदनाम आहे. तरीही ७७-७८ च्या फेंडरचे भाव आता वरच चाललेत, कारण काय तर त्या साली जन्मलेले लोक आता साहेब झालेत. गिटार तीच आहे, लाकूड तेच आहे, फक्त घेणाऱ्याचा पगार वाढला.

माझी आहे इबानेझ, स्ट्रॅटच्या धाटणीची, जपानची. नव्या पोट्ट्यांसाठी सांगतो, तेव्हा आपल्याकडे गिटार म्हणजे गिवसन नाहीतर हॉबनर, दोन्ही कलकत्त्याच्या, आणि जपानी गिटार बघायची ती ऑर्केस्ट्राच्या स्टेजवर, लांबून. ही आमच्या नागपुरातल्या मोहननगरच्या एका अंकलची. त्यांचा भाऊ जहाजावर होता, त्यानं सिंगापूरहून आणून दिली, आणि अंकलनी ती लग्नाच्या पार्ट्यांपासून ख्रिसमसच्या डान्सपर्यंत सगळीकडे वाजवली. बोटं आखडायला लागली तेव्हा मला बोलावून म्हणाले, "बेटा, ले जा, पर दिवार पे मत टांगना." मी टांगली आहे, पण रोज खाली काढतो. किती दिले ते सांगत नाही, बायको फेसबुकवर आहे.

इबानेझचा त्या काळचा नंबर एकदम सरळ आहे. पहिलं अक्षर महिना, ए म्हणजे जानेवारी आणि एल म्हणजे डिसेंबर, पुढचे दोन आकडे साल. माझ्या गिटारीच्या नेक प्लेटवर, म्हणजे नेक बॉडीला जोडतात तिथल्या पत्र्यावर, एल७७. डिसेंबर १९७७. अंकलना हे माहीतही नव्हतं, त्यांना फक्त भाऊ कोणत्या सुट्टीत आला होता ते आठवत होतं.

आता खरी पंचाईत इथून सुरू होते. माझा जन्म आजोळी, काटोलकडच्या एका गावात, घरीच. आई सांगते की संक्रांत तोंडावर आली होती, चुलीवर तीळ भाजणं चालू होतं, आणि साल ७८. नोंद करायला कोणी गेलंच नाही. मग ८३ च्या जूनमध्ये बाबा मला शाळेत घेऊन गेले, पहिलीला सहा वर्षं पूर्ण पाहिजे होती आणि मला साडेपाचच. मास्तरांनी मला उभं केलं, उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लावायला सांगितला, बोटं कानाला टेकली तसं रजिस्टर ओढलं आणि लिहिलं, १ जून १९७७. बाबा म्हणाले, गुरुजी, हा तर संक्रांतीचा आहे. गुरुजी म्हणाले, "भाऊ, रिटायर सात-आठ महिने आधी होईल, पन आज पोराचं साल कायले वाया घालवता?" विषय संपला. आमच्या वर्गातले अर्धे पोट्टे १ जूनचे, उरलेले १ जुलैचे, कोणी ऑक्टोबरात जन्मलंच नाही. तुम्ही दरवर्षी १ जूनला माझ्या वॉलवर केक टाकता ना, तो गुरुजींचा केक आहे.

म्हणजे दाखल्याप्रमाणे ही माझी जन्मसालाची गिटार, दोघंही ७७ चे. आईला विचाराल तर गिटार माझ्यापेक्षा महिनाभरानं मोठी. आधार, पॅन, पासपोर्ट, सर्व्हिस बुक सगळं गिटारीच्या बाजूनं आहे, आणि ७८ च्या बाजूनं फक्त आई आणि तिचे तीळ.

मला तर वाटते, नेक प्लेट म्हणजे गिटारीचा शाळेचा दाखलाच आहे. चार स्क्रू काढा, प्लेट हातात येते, दुसऱ्या गिटारीला लावा, साल बदललं. कितीतरी गिटारींची नेक एका सालची, बॉडी दुसऱ्या सालची, तारांचा आवाज पकडणारे पिकअप तिसऱ्याच. फेंडरच्या नेकच्या बुडाशी पेन्सिलनं किंवा शिक्क्यानं तारीख टाकायचे, तीही नेकची, अख्ख्या गिटारीची नाही. माझी नेक मी काढून बघितली, बुडाशी एक पुसट शिक्का आहे, काय आहे ते वाचता येत नाही. आणि लाकूड? झाड कधी तोडलं, किती वर्षं वाळवलं ते कोणत्याच नंबरात नसते. तेव्हा ७७ ची गिटार म्हणजे ७७ साली कोणीतरी तसं लिहिलं, एवढाच त्याचा अर्थ. मला त्यात काही वाईट वाटत नाही, माझंही तसंच आहे. पण त्या लिहिण्याचे कोणी दुप्पट पैसे मागत असेल तर मात्र हात जोडतो.

अजून एक फसवाफसवी, ती म्हणजे लॉसूट गिटार, लॉसूट म्हणजे कोर्टकेस. जुनी जपानी गिटार विकायला काढली की प्रत्येक जण लिहितो, लॉसूट इरा, आणि भाव चढवतो. झालं होतं काय, तर १९७७ मध्ये गिब्सनची मालक कंपनी नॉर्लिन हिनं इबानेझच्या अमेरिकेतल्या वितरकावर फिलाडेल्फियाच्या कोर्टात केस टाकली, आणि भांडण होतं गिब्सनसारख्या हेडस्टॉकच्या आकाराचं. तोपर्यंत इबानेझनं तो आकार बदलायला घेतला होता, प्रकरण कोर्टाबाहेरच मिटलं. एक केस, एक वितरक, एक आकार. त्यावर लोक सत्तरीतली झाडून सगळी जपानी गिटार खपवून राहिले, ज्यांना कोर्टाची पायरी माहीत नाही तीसुद्धा. यातली खरी मजा पुढची आहे. इबानेझचं बरंच काम मात्सुमोतोच्या फुजिगेन कारखान्यात व्हायचं, आणि १९८२ ला फेंडरनं स्वतःची जपानी शाखा काढली तेव्हा गिटारी बनवायला दिल्या कुठे, तर त्याच फुजिगेनला. ज्यांना कॉपीवाले म्हणत होते त्यांच्याच हाती कारभार दिला. यावर जास्त बोलत नाही, नाहीतर फेंडरवाले मित्र अनफ्रेंड करतील.

आता नागपूरचं बोलू, कारण परदेशातले सगळे व्हिडिओ बघून इथे गिटार सांभाळता येत नाही. गिटारीला लागते साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता. आपल्याकडे मे महिन्याच्या दुपारी ती २० च्या खाली जाते आणि ऑगस्टात ८० च्या वर. (२०२४ च्या मे मध्ये ५६ डिग्री दाखवणारं ते यंत्र बिघडलेलं निघालं, पण आपल्यापैकी किती जणांना ते खरं वाटलं होतं ते आठवा.) मे मध्ये काय होते, फ्रेटबोर्डचं, म्हणजे बोटं दाबायच्या पट्टीचं, लाकूड आकसते, त्यात आडवे बसवलेले धातूचे फ्रेट तेवढेच राहतात, मग त्यांची टोकं कडेनं बाहेर येतात आणि नेकवरून हात फिरवला की तळवा खरवडून निघतो. नेक मागे वाकते, तारा फ्रेटला घासून झणझणतात. तेच पाऊस लागला की लाकूड फुगते, नेक पुढे येते, तारा वर उचलल्या जातात, आणि एका बोटानं सगळ्या तारा धरायचा बार कॉर्ड दाबताना आई आठवते. म्हणून वर्षातून दोनदा तरी ट्रस रॉडला, म्हणजे नेकच्या आतल्या सळईला, पाव वळसा द्यावा लागतो, पाव म्हणजे पावच, अर्धा नाही.

आणि कूलर! कूलर लावला की खोली एकदम दमट, बंद केला की परत भट्टी, म्हणजे गिटार एका दिवसात मे आणि जुलै दोन्ही बघते. कूलरच्या झोतात ठेवली तर विचारूच नका. मी काय करतो, साबणाच्या प्लास्टिकच्या डबीला भोकं पाडून त्यात ओला स्पंज ठेवतो, स्पंज पिळून, टपकता नाही, आणि उन्हाळाभर रात्री गिटार त्या डबीसोबत केसमध्ये बंद. बाजूला ऑनलाइन मिळणारं छोटं आर्द्रता मीटर. एवढ्यावर आमची गिटार उन्हाळे काढून राहिली. अकूस्टिक असेल तर जास्त जपा, तिचं वरचं फळकूट पातळ असते, सरळ चीर पडते.

फ्रेटची टोकं घासून दिली महालमधल्या हार्मोनियमवाल्या काकांनी. त्यांनी आयुष्यात इलेक्ट्रिक गिटार हातात घेतली नव्हती, पण कानस धरायची कशी ते त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. फ्रेटबोर्डवर दोन्ही बाजूंनी टेप लावला, एक एक टोक बारीक गोल केलं, मधे मधे डोळे मिटून अंगठा फिरवत होते. घेतले चहाचे पैसे म्हणावे इतके. पुढे मी खपलेले फ्रेटच बदलून घेतले. त्यावर एका ग्रुपमध्ये एक जण मला म्हणतो, भाऊ, तुम्ही ओरिजिनॅलिटी घालवली, भाव निम्मा झाला. अरे बाप्पा, अंकलनी इतकी वर्षं वाजवून फ्रेटला खड्डे पाडले होते, तसेच ठेवायचे? काचेच्या कपाटात ठेवायची असेल तर खुशाल ओरिजिनल ठेवा, सोल्डरसुद्धा हलवू नका. वाजवायची असेल तर फ्रेट, नट, तारा पिळायच्या की, पॉट ह्या झिजायच्याच गोष्टी आहेत.

बाहेरून मागवणार असाल तर एक सांगतो. ६९ च्या आधी जन्मलेल्या काकांनी जन्मसालाची मार्टिन डी-२८ मनात धरली असेल तर तिच्या पाठीला ब्राझीलचं रोजवूड आहे, आणि ते १९९२ पासून साइट्स या दुर्मिळ झाडं-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या सगळ्यात कडक यादीत आहे, कागदपत्रांशिवाय सीमा ओलांडता येत नाही. साधारण ६९-७० पासून मार्टिननं त्या जागी भारतातलं रोजवूड घेतलं, म्हणजे आपलं शिसव. त्यामुळे ७७ ची डी-२८ तुम्ही अमेरिकेतून मागवाल, कस्टमची ड्यूटी भराल, तेव्हा पाठीचं लाकूड परत माहेरी येईल.

गुंतवणूक म्हणून विचारणाऱ्यांना माझं उत्तर, सोनं घ्या, इतवारीत दुकानं कमी नाहीत. गिटार घ्यायची तर डोळे मिटून हातात घ्या, वाजवा, आवडली तर मग प्लेट बघा. साल जुळलं तर पेढे वाटा. नाही जुळलं तर कुठल्या तरी कागदावर तुमचंही साल जुळत नसेलच, शोधून बघा.

आता कामाचं. माझ्या गिटारीची चौथ्या तारेची की ढिली झाली आहे, गाणं संपेपर्यंत डी सूर उतरून सी शार्प होते. सत्तरीतल्या जपानी गिटारीची जुनी की कोणाकडे पडलेली असेल, सदर, मोहननगर, अजनी, कुठेही, तर इनबॉक्स करा, मी येऊन घेऊन जाईन. सहाचा सेट नको, एकच पाहिजे, आणि ती ७७ ची नसली तरी चालेल.