सौंदर्य ठीक, पण मिनी?

जुन्या गाड्यांची यादी देणाऱ्या तुमच्या लेखात १९६१ ची जॅग्वार ई-टाइप ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार देखणी म्हटली आहे, ते मान्य. पण त्या यादीत मिनी कूपर नाही, हे काही पटलं नाही बुवा! एवढीशी गाडी, आडवं बसवलेलं इंजिन, पुढच्या चाकांना ताकद. बर्फाळ घाटवळणांवर मोठमोठ्या गाड्यांना पाणी पाजायची. माँटे कार्लो रॅली ही रस्त्यांवरची मोठी मोटारस्पर्धा; १९६४, ६५ आणि ६७ ला ती मिनीनेच जिंकली. १९६६ लाही पहिले तिन्ही नंबर मिनीचे होते, पण हेडलाइटच्या बल्बवरून बाद केलं आणि विजय सिट्रोएन या फ्रेंच गाडीला दिला! बल्बवरून!! आजही वाचताना डोकं फिरतं. आणि हो, लेखात डिस्क ब्रेकचा (चाकासोबत फिरणारी चकती दाबून गाडी थांबवणाऱ्या ब्रेकचा) उल्लेख हवाच होता. १९५३ ला ल मान्सची २४ तासांची शर्यत जॅग्वारने जिंकली त्यात या ब्रेकचा मोठा वाटा होता.