तुलोऊ : सगळे गोल नाहीत, सगळे हक्का समाजाचे नाहीत

चीनच्या फुजियान प्रांतातील मातीच्या प्रचंड सामुदायिक घरांची, म्हणजे तुलोऊंची, छायाचित्रे सध्या फिरत आहेत. ‘हक्का लोक पिढ्यान्‌पिढ्या अशाच गोल घरांत राहत आले’ हा त्यांखालचा मजकूर दिशाभूल करणारा आहे. (हक्का हा दक्षिण चीनमधील, स्वतःची वेगळी भाषा असलेला हान समाज.)

तुलोऊ गोल असतात तसेच चौकोनीही असतात. नानजिंग जिल्ह्यातील त्यानलुओकेंग येथे तीन गोल व एका लंबगोल इमारतीच्या मधोमध चौकोनी इमारत उभी आहे आणि तीही तितक्याच तोलामोलाची आहे. सगळे तुलोऊ हक्का समाजाच्या नावावर टाकण्याचा घोळ अधिक गंभीर वाटतो, कारण त्यात दुसऱ्या समाजाचे श्रेय पुसले जाते. युनेस्कोने 2008 मध्ये वारसा यादीत घेतलेल्या 46 इमारतींपैकी हुआआन जिल्ह्यातील अरयीलोऊ ही मिननान (दक्षिण फुजियानची भाषा) बोलणाऱ्या जियांग घराण्याची आहे.

फरक आतल्या रचनेतही दिसतो. फुजियानमधील योंगदिंग येथील 1709 साली पूर्ण झालेल्या हक्कांच्या चेंगचीलोऊमध्ये प्रत्येक कुटुंबाच्या वाट्याला तळाशी स्वयंपाकघर, त्यावर धान्याची खोली व वर निजण्याच्या खोल्या अशी उभी पट्टी येते. मात्र जिने आणि सज्जे सर्वांचे सामाईक असतात. अरयीलोऊमध्ये मात्र घरे स्वतंत्र असून प्रत्येकाला स्वतःचा जिना आहे.

शिवाय ग्वांगदोंग प्रांतातील मेईझोऊ परिसरातील हक्का वस्त्यांत मागे अर्धवर्तुळाकार ओळ असलेली बसकी घरे आढळतात. त्यांना तुलोऊ म्हणत नाहीत.