ढोल, सिटीलिंक आणि ग्रुपवरचा तो मेसेज

गणपती जवळ आले, ढोलपथकांचे सराव सुरू झाले की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हा मेसेज येतोच. यंदा तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी टाकला: ‘ऑटिझममध्ये भीती ही मेंदूची घडणच असते. थेरपीने मेंदू बदलत नाही, नुसते पैसे जातात. मुलाला दोन-चारदा गर्दीत न्या, सवय होईल.’ खाली सहा अंगठे. माझा मुलगा नऊ वर्षांचा, ऑटिस्टिक. म्हणून हे उत्तर.

‘घडणच असते.’ काका, ३१ अभ्यास एकत्र करून २०११ साली एक विश्लेषण झालं. त्यात ऑटिस्टिक मुलांपैकी साधारण ४० टक्क्यांना चिंताविकार आढळला. प्रमाण मोठंच आहे, पण मग उरलेल्या ६० टक्क्यांचं काय? त्यांनाही ऑटिझम आहेच की. चिंता ऑटिझमच्या सोबत येते, ती म्हणजे ऑटिझम नव्हे.

‘मेंदू बदलत नाही.’ मेंदू रोज बदलतो, आम्हीच तो चुकीच्या दिशेने बदलत होतो. लांबून ढोल ऐकू आला की हा पलंगाखाली. आम्ही खिडक्या लावायचो, नंतर तर त्याला सिन्नरला आजीकडेच नेऊन ठेवायला लागलो. दरवेळी तो शांत व्हायचा आणि मेंदू शिकायचा: पळालो म्हणून वाचलो. सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं टप्प्याटप्प्याने बदलायला शिकवणारी थेरपी, ही साखळी तोडते. थोडं थोडं सामोरं गेलं की जुनी भीती पुसली जात नाही, पण तिच्या शेजारी ‘काही झालं नाही’ ही नवी आठवण तयार होते आणि कपाळामागचा भाग अमिग्डलाला, म्हणजे मेंदूतल्या भीतीच्या घंटेला, आवर घालायला शिकतो. स्वीडनमध्ये २०१६ साली लोकांत वावरण्याची भीती असलेल्या प्रौढांवर एक अभ्यास झाला. नऊ आठवड्यांच्या सीबीटीनंतर त्यांच्या अमिग्डलाची प्रतिक्रिया सौम्य झाली, आकारही थोडा घटला. अर्थात ती ऑटिस्टिक मुलं नव्हती. त्यामुळे ‘तीन महिन्यांत मुलाचा स्कॅन बदलून दाखवतो’ म्हणणाऱ्यालाही मी एक रुपया देणार नाही.

‘पैसे जातात.’ अमेरिकेत ७ ते १३ वयाच्या १६७ ऑटिस्टिक मुलांवर झालेली चाचणी २०२० साली प्रसिद्ध झाली. नेहमीच्या उपचारांपेक्षा सीबीटी सरस ठरली, आणि ऑटिझमला साजेशी बदललेली सीबीटी त्याहून सरस. हा बदल म्हणजे काय, तर मुलाच्या आवडीतूनच शिरायचं. आमच्याकडे सिटीलिंकचं, म्हणजे नाशिकच्या शहर बसचं, वेड! कुठली बस कुठून कुठे जाते, सगळं तोंडपाठ. थेरपीच्या मॅडमनी त्याच्यासाठी सोप्याकडून अवघडाकडे नेणारी भीतीची शिडी आखली नाही, बसचा मार्ग आखला. पहिला थांबा: मोबाइलवर ढोल, आवाजाचं बटण त्याच्याच हातात. दुसरा: गच्चीवरून. तिसरा: सरावाच्या मैदानापासून दोन गल्ल्या अलीकडे. शेवटच्या थांब्याला नाव अर्थातच नाशिकच्या बसस्थानकाचं, निमाणी. पुढे जायचं की नाही हे ड्रायव्हर ठरवणार, आणि ड्रायव्हर तोच.

आता ‘गर्दीत न्या’. तोही प्रयोग झालाय, एका नातेवाइकाच्या आग्रहाखातर, भर मिरवणुकीत. त्यानंतर दोन आठवडे तो शाळेच्या घंटेलाही दचकत होता. धरूनबांधून नेलं तर मूल फक्त एवढंच शिकतं की आपलं कुणी ऐकत नाही. शिवाय काही मुलांना असा आवाज खरोखरच दुखतो. तिथे कानावर हेडफोन हवा, धीर पुरत नाही.

परवा आम्ही तिसऱ्या थांब्यावर होतो. चार मिनिटं. हेडफोन कानावर, माझी ओढणी मुठीत. मग म्हणाला, “बस डेपोत.” आम्ही घरी आलो. चौथा थांबा पुढच्या रविवारी आहे. काका, त्या दिवशी गाडी तेवढी गेटसमोरून बाजूला घ्या.