खुलासा : आयएसओ फाइल नुसती कॉपी केली म्हणून डीव्हीडी बूट होत नाही

पुण्यातल्या बऱ्याच ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : ‘विंडोजची आयएसओ फाइल डीव्हीडीवर पेस्ट करा, बूट डिस्क तयार. झाली नाही तर डीव्हीडी खराब.’ हे चूक आहे. आयएसओ म्हणजे अख्ख्या डिस्कची एकाच फाइलमध्ये बांधलेली प्रत; बूट डिस्क म्हणजे जिच्यावरून संगणक सुरू करता येतो ती.

संगणक सुरू होताना डिस्कच्या ठरावीक सेक्टरवरची (कप्प्यातली) बूट नोंद शोधतो. फाइल पेस्ट केली की ती नोंद आयएसओच्या पोटातच राहते. विंडोज १० किंवा ११ मध्ये फाइलवर राइट क्लिक करून ‘बर्न डिस्क इमेज’ (प्रत डिस्कवर उतरवणे) निवडा, ‘व्हेरिफाय’वर (लिहिलेलं तपासणे) टिक करा. तयार डिस्क उघडून पाहा : एकच आयएसओ फाइल दिसली तर बर्न चुकलंय, ‘बूट’ आणि ‘सोर्सेस’ फोल्डर दिसायला हवेत.

दुसरी अडचण जागेची. साध्या डीव्हीडीवर ४.७ जीबी लिहिलेलं असतं, मोजायची पद्धत वेगळी म्हणून विंडोज तेच ४.३७ दाखवतं. विंडोज ११ ची आयएसओ ५ जीबीच्या वर जाते, म्हणजे ८.५ जीबीची ड्युअल लेयर (दोन थरांची) डिस्क हवी. (खरं तर पेनड्राइव्ह सोपा.) तेव्हा तपकीर गल्लीतून (पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) आणलेल्या कोऱ्या डिस्कला दोष देण्याआधी आयएसओचा आकार बघा.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका; पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.