कॅल्क्युलस लवकर, म्हणजे प्रवेश पक्का?

अमेरिकेतल्या मराठी पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक सल्ला सतत फिरतो: सातवीत अल्जिब्रा वन (बीजगणिताचा पहिला कोर्स), दहावीत एपी कॅल्क्युलस बीसी (शाळेतच होणारा कॉलेजच्या पातळीचा कोर्स), मग कम्युनिटी कॉलेजात मल्टिव्हेरिएबल, म्हणजे त्यापुढचं कॅल्क्युलस. हे जमलं नाही तर एमआयटी, स्टॅनफर्ड विसरा. यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच तो इतका खपतो.

‘जितकं पुढे तितकं बरं.’ इंजिनिअरिंगला जायचं तर बारावीपर्यंत कॅल्क्युलस झालेलं असावं, हे खरं. पण आठवीत अल्जिब्रा वन घेणारं मूलही बारावीत तिथे पोचतंच. अर्ज वाचणारे आधी बघतात की शाळेत काय शिकवलं जात होतं आणि त्यातलं मुलाने काय घेतलं. कॉमन ॲपमध्ये (अनेक कॉलेजांसाठीचा एकच अर्ज) शाळेचा काउन्सेलरही मुलाने किती अवघड विषय निवडले, ते शाळेतल्या इतरांच्या तुलनेतच नोंदवतो.

‘कॅल्क्युलस नाही, तर दार बंद.’ हार्वर्ड ते प्रवेशाची अट मानत नाही. कॅलटेकची अट होती, पण ज्यांच्या शाळेत तो वर्गच नाही त्यांच्यासाठी २०२३ मध्ये पर्यायी वाट काढली. (एडिसन किंवा क्युपर्टिनोसारख्या, शाळेत कॅल्क्युलस शिकवणाऱ्या गावांतल्या पालकांनी या सवलतीवर विसंबू नये.)

‘लवकर कॅल्क्युलस करतो, म्हणजे गणितात हुशार.’ इथे खरी गफलत आहे. एएमसी १०, एएमसी १२, एआयएमई या शाळकरी मुलांच्या गणित स्पर्धांना, अगदी आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडलासुद्धा कॅल्क्युलस लागत नाही. तिथे भूमिती, पूर्णांकांच्या गुणधर्मांवरची कोडी (नंबर थिअरी), मोजणीची गणितं असतात आणि ऑलिंपियाडमध्ये तर एकेका गणिताशी तासभर झुंजावं लागतं. एमआयटीच्या अर्जात एएमसी-एआयएमईचे गुण द्यायची सोय आहे, ती उगाच नाही. सुट्टीच्या क्लासात अल्जिब्रा उरकून पुढे ढकललेलं मूल अशा गणितासमोर बसलं की सूत्र शोधू लागतं. पुढे कॅल्क्युलसमध्येही ते अडतं, तेव्हा घोळ बहुधा डेरिव्हेटिव्हचा नसतो, अपूर्णांक आणि घातांकांचा असतो.

‘एपीमुळे कॉलेजचं क्रेडिट मिळून वर्ष वाचतं.’ एमआयटी बीसीत ५ पैकी ५ गुण मिळाले तर कॅल्क्युलसच्या पहिल्या कोर्सचं क्रेडिट देतं, कॅलटेक एपीला क्रेडिटच देत नाही. आणि मिळालं तरी ते प्रवेशानंतर.

मग पुढे जाऊच द्यायचं नाही का? तेही चूक. सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी शाळांनी २०१४ मध्ये आठवीतून अल्जिब्रा काढलं, २०२४ मध्ये मतदारांनी ते परत मागितलं. माझं मत मतदारांच्या बाजूने आहे. ज्याला भूक आहे त्याला आठवीत ते मिळायलाच हवं. पाचवीतल्या मुलाची उन्हाळी सुट्टी त्यासाठी क्लासात घालवणं मात्र मला पटत नाही.