बास्क, हंगेरी आणि माझं ते एक वाक्य

दादा, माझ्या लेखाखालची कमेंट दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की ‘युरोपात भाषेवरून वंश ठरत नाही’ असं मी ठोकून दिलं आणि २०१५ चा तो डीएनएवाला पेपर सोयीस्करपणे गाळला. गाळला, मान्य. जर्मनीतल्या साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या कॉर्डेड वेअर (म्हणजे दोरीच्या ठशांची भांडी करणाऱ्या) लोकांचा जवळजवळ पाऊण वारसा काळ्या समुद्राच्या उत्तरेकडच्या, स्टेप नावाच्या गवताळ मैदानातल्या यामनाया पशुपालकांशी जुळला, म्हणजे माणसं खरंच आली होती आणि इंडो-युरोपियन भाषाही बहुधा त्यांच्यासोबतच आली. इथं मी हरलो.

पण मग स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरच्या बास्क लोकांचं काय करायचं? त्यांची भाषा जगात कुणाशीच जुळत नाही, म्हणून हे अश्मयुगापासूनचे अस्सल मूळचे असं कितीतरी वर्षं मानलं जायचं. २०१९ ला स्पेन-पोर्तुगालचा अभ्यास आला त्यात निघालं की इ.स.पू. २००० च्या सुमारास तिथला साधारण ४० टक्के वारसा बदलला होता आणि बापाकडून मुलाकडे जाणारा वाय क्रोमोसोम तर जवळजवळ सगळाच स्टेपवाल्यांचा झाला होता, आणि बास्कही यातून सुटलेले नाहीत. बाप स्टेपचे, बोली मात्र स्टेपची नाही! (पोरांना बोलायला कोण शिकवत असेल सांगा बरं? हा आपला माझा अंदाज हं, पुरावा नाही.)

हंगेरीत बरोबर उलटं. मग्यार टोळ्या ८९५ च्या आसपास आल्या, त्यांची भाषा टिकली, ती सैबेरियातल्या खांती-मान्सी भाषांची चुलत बहीण, पण आजचा हंगेरियन माणूस डीएनएत स्लोव्हाक-ऑस्ट्रियन शेजाऱ्यांसारखाच निघतो. फिनलंडच्या निम्म्याहून जास्त पुरुषांत असलेली एन नावाची वाय क्रोमोसोमची वंशरेषा हंगेरीत शोधावी लागते, फिनिश आणि हंगेरियनचं भाषाकुळ एकच असून. बल्गेरियाचं तर विचारूच नका, नाव तुर्की कुळातली भाषा बोलणाऱ्या बल्गार टोळ्यांचं आणि भाषा स्लाव्ह.

म्हणजे नुसती भाषा बघून तुम्हाला कळणारच नाही की समोरची केस कॉर्डेड वेअरची आहे की हंगेरीची, त्यासाठी हाडंच उकरावी लागतात. आणि तुम्ही शेवटी जो ‘आर्य वंश’ शब्द वापरलात ना, तो वापरणाऱ्यांना खुद्द संस्कृतचा पंडित मॅक्स म्युलरनं १८८८ मध्ये झापलंय, की भाषावाल्यानं ‘लांब डोक्याची डिक्शनरी’ म्हणावं तसं हे झालं, म्हणजे डोक्याचा आकार शरीराचा, डिक्शनरी भाषेची, दोन्हींची गल्लत. गंमत म्हणजे आधी तो शब्द पसरवण्यात त्याचाच हात होता.

असो. लेखातलं वाक्य आजच बदलतो, ‘एकट्या भाषेवरून ठरत नाही’ असं. दुरुस्तीखाली तुमचं नाव टाकू का?