मोज्यात डावा-उजवा असतो का?

काल रात्री एका पॉडकास्टमध्ये दोन कमावती, वयाने चांगली वाढलेली माणसं पस्तीस मिनिटं एकाच प्रश्नावर भांडत होती आणि मी अंधारात पडून इयरफोन लावून ते ऐकत होते. प्रश्न असा की, मोज्यांच्या जोडीत डावा कुठला आणि उजवा कुठला हे ठरलेलं असतं का?

पहिल्याचं म्हणणं, विकत आणताना ठरलेलं नसतं. पण एकदा घातला की अंगठ्याच्या बाजूने मोजा फुगतो आणि त्या दिवसापासून तो डावा होतो. जन्माने नाही, संगतीने. दुसरा म्हणाला, धुतला की विसरतो. त्यावर पहिला म्हणाला, "आंघोळ केल्यावर तू लग्न झालेलं विसरतोस का?" दुसरा दोन सेकंद गप्प. मग म्हणाला, "प्रयत्न चालू आहेत."

मी एवढ्या जोरात हसले की शेजारी झोपलेला नवरा उठून बसला. त्याने विचारलं, "यातून तुला नेमकं मिळतं काय?" रात्री उत्तर सुचलं नाही, म्हणून हे आत्ता.

पॉडकास्टचं नाव सांगत नाही, उगाच जाहिरात वाटेल. आणि खरं तर नावाने फरकही पडत नाही. दोन मित्र, दोन माइक आणि एक प्रश्न, जो मोठ्या माणसांना विचारला की ते "अभ्यास कर" म्हणतात. असे आता कितीतरी आहेत. बहुतेक मी दुसऱ्या भागानंतर सोडते. त्यांची चूक जवळजवळ नेहमी एकच असते: प्रश्न फालतू आहे हे त्यांना माहीत असतं. प्रश्न वाचतानाच ते हसायला लागतात. म्हणजे जेवणाआधीच ढेकर. माझं मत ठाम आहे की फालतू प्रश्नावर हसायचं नसतं, त्याच्यासाठी भांडायचं असतं, जणू वडिलोपार्जित जमिनीचा दावा चालू आहे. हसायचं काम ऐकणाऱ्याचं.

'पॉडकास्टिंग' हा शब्द २००४ मध्ये बेन हॅमर्सली या पत्रकाराने 'द गार्डियन'मध्ये लिहिला, तोही इतर दोन पर्यायांच्या शेजारी प्रश्नचिन्ह लावून. त्यानंतर दोनेक वर्षांत रिकी जर्व्हेसच्या पॉडकास्टचं नाव गिनीज बुकात गेलं. पहिल्या महिन्यात एकेक भाग सरासरी २,६१,६७० वेळा डाउनलोड झाला होता. त्यात दोन नावाजलेले ब्रिटिश विनोदवीर होते, जर्व्हेस आणि स्टीफन मर्चंट. पण लोक ऐकायचे ते कार्ल पिल्किंग्टनसाठी, जो मुळात त्यांच्या रेडिओ कार्यक्रमाचा निर्माता होता. तो विनोद करतच नव्हता. त्याला खरोखर शंका यायच्या आणि तो त्या तशाच, सपाट आवाजात मांडायचा. समोरचे दोघं हसून लोळायचे आणि याला कळायचं नाही की यात हसण्यासारखं काय आहे. (पॉडकास्टमध्ये बोलणारे दोनच हवेत असा माझा आग्रह आहे आणि तिथे तिघं होते, हे त्याला जरा मारक आहे. असू दे. तीन माणसं असली की निम्मा वेळ 'आता कोण बोललं' यात जातो, हे मी तरीही म्हणणार.)

आता हेच गांभीर्य विज्ञानात बघा. डोनाल्ड उंगर नावाच्या अमेरिकन डॉक्टरला लहानपणी आईने बजावलं, बोटं मोडू नकोस, सांधे आखडतील. या माणसाने ६० वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं रोज मोडली. उजव्या हाताची नाही, तो तुलनेसाठी राखून ठेवला. शेवटी दोन्ही हात सारखेच ठणठणीत. २००९ मध्ये त्याला इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात ते बक्षीस. आईशी वाद जिंकायला ६० वर्षं देणारा माणूस ज्या जगात आहे, त्या जगात मोज्यांसाठी पस्तीस मिनिटं म्हणजे काहीच नाही. किंवा ते दोघे अमेरिकन शास्त्रज्ञ, ज्यांनी दोरी डब्यात टाकून डबा फिरवला आणि गाठ बसते का ते पाहिलं. एकदा-दोनदा नव्हे, तीन हजारांहून जास्त वेळा. पर्समधल्या इयरफोनचा गुंता मी सोडवत बसते तेव्हा मला त्यांची आठवण येते आणि जरा बरं वाटतं.

पण इथेच एक खड्डा आहे. पॉडकास्टवाले असं काही वाचतात आणि दुसऱ्या मिनिटाला उत्तर देऊन मोकळे होतात. पाण्यात बोटांना सुरकुत्या का पडतात? "कातडी पाणी शोषते." झालं, पुढचा प्रश्न. बरं, ते उत्तर चूकही आहे. बोटाचा मज्जातंतू तुटला असेल तर त्या बोटावर सुरकुत्या पडत नाहीत, हे डॉक्टरांना १९३०च्या दशकापासून ठाऊक आहे. म्हणजे हे काम मेंदूकडून येणाऱ्या मज्जातंतूंचं आहे. पण कशासाठी? २०१३ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या संशोधकांना दिसलं की अशा बोटांनी ओल्या गोट्या लवकर उचलता येतात. पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटाने तसंच करून पाहिलं, त्यांना काही फरक आढळला नाही. शास्त्रज्ञांचंच अजून भांडण चालू आहे आणि तुम्ही दोन मिनिटांत निकाल लावता?

अशा पॉडकास्टमधल्या वात्रटपणाबद्दलही बोलायला हवं, कारण त्या नावाखाली बरंच काही खपवलं जातं. शिव्या म्हणजे वात्रटपणा नव्हे. शिवी पहिल्यांदा मजा आणते, दहाव्यांदा ती स्वल्पविराम होते. खरा वात्रट माणूस उत्तराच्या मालकांना हात घालतो, म्हणजे तज्ज्ञ, वडीलधारे, 'असंच असतं' म्हणणारे सगळे. आणि त्याआधी स्वतःला. एका पॉडकास्टमध्ये एका श्रोत्याने मनापासून पाठवलेल्या प्रश्नातल्या शुद्धलेखनावर दोघं पाच मिनिटं खिदळले. त्या बिचाऱ्याच्या हातात माइकही नव्हता. मी तिथेच बंद केलं, परत लावलं नाही.

हसण्याचा अभ्यास करणारे रॉबर्ट प्रोव्हाइन होते. त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी चारचौघांत हसणाऱ्यांचं चोरून ऐकून १,२०० नोंदी केल्या. बहुतेक हसू विनोदावर आलंच नव्हतं, 'चल, निघते मी' असल्या साध्या वाक्यांवर आलं होतं. बोलणारा ऐकणाऱ्यापेक्षा जास्त हसतो, आणि एकटं असताना हसण्यापेक्षा सोबत कुणी असताना माणूस तीसपट हसतो, असंही त्यांना दिसलं. मग मी अंधारात एकटी का हसले? कारण माझ्या डोक्याच्या मते मी एकटी नव्हते. १९५६ मध्ये हॉर्टन आणि वोल या दोन अभ्यासकांनी लिहून ठेवलंय की रेडिओ-टीव्हीवरचा माणूस प्रेक्षकाला हळूहळू ओळखीचा वाटायला लागतो, नातं मात्र एकतर्फी असतं. त्यांच्या काळातला निवेदक निदान प्रेक्षकाकडे बघून बोलायचा. हे दोघं माझ्याकडे बघतही नाहीत. एकमेकांत गुंतलेले असतात, मी फक्त कान देते. मला तेच आवडतं. मला कुणी 'नमस्कार मित्रांनो' म्हटलं की मी लगेच परकी होते.

आता कबुली. मी आणि माझ्या मैत्रिणीने हे करून पाहिलंय. पंचवीस वर्षांची मैत्री, रोजची भांडणं, आम्हाला वाटलं नुसतं रेकॉर्डचं बटण दाबायचं. प्रश्न निवडला: दुसऱ्या खोलीत गेल्यावर आपण तिथे कशाला आलो हे का विसरतो?

पहिला धक्का आवाजाचा. एरवी आपल्याला आपला आवाज कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो, म्हणून तो भारदस्त वाटतो. रेकॉर्डिंगमध्ये हाड नसतं. "ही कोण चिमणी?" असं मी विचारलं, ती मीच होते. दुसरा धक्का मोठा. माइकसमोर आम्ही सभ्य झालो. ती मला म्हणाली, "तुझा मुद्दा अगदी बरोबर आहे." पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. मला वाटलं तिची तब्येत बिघडलीय. आणि तिसऱ्या मिनिटाला मी ते केलं ज्यावर वर एवढी बडबड केलीय. मी सांगून टाकलं की २०११ मध्ये रॅडव्हॅन्स्की या मानसशास्त्रज्ञाने हे तपासलंय, दार ओलांडलं की मेंदू आधीच्या खोलीतलं प्रकरण मिटवून नवं उघडतो. ती म्हणाली, "हो का? छान." पुढे काय बोलणार? मी रेकॉर्डिंग बंद केलं.

जिन्यात तिने विषय पुन्हा काढला. "पण मग परत आधीच्या खोलीत गेलं की आठवतं, ते का? खोलीनेच सांभाळून ठेवलेलं असतं ते. खोलीला स्मरणशक्ती असते." मी म्हटलं, भाड्याच्या घराचं काय? म्हणाली, "तिथे आधीच्या भाडेकरूंचं आठवतं. म्हणून तर तू स्वयंपाकघरात जाऊन भलत्याच गोष्टी शोधतेस." मी म्हटलं, आणि घरमालक? म्हणाली, "त्याला सगळ्यांचंच आठवतं, तो डिपॉझिट परत देत नाही ते त्यामुळे." पाऊण तास आम्ही त्याच पायरीवर उभ्या होतो.

रॅडव्हॅन्स्कींनी तेही तपासलं होतं. लोकांना मूळ खोलीत परत नेऊनही काही जास्त आठवलं नव्हतं. मला ते ठाऊक होतं. या वेळी मी तोंड उघडलं नाही.

मोबाइल पर्समध्येच होता. रेकॉर्डिंग बंद कुणी केलं होतं, हे ती अजून मला ऐकवते.